लाल फिल्टर, एक तास

शिवशरणच्या डोक्यावर पोतं पडलं तेव्हा माझा उजवा डोळा दुर्बिणीला लागलेला होता आणि शेजारच्या कॅमेऱ्याचं शटर उघडं होतं. एक तासाचं एक्स्पोजर. निम्मं झालं होतं.

आधी आवाज आला, ओलं घोंगडं दगडावर आपटावं तसा. मग पुन्हा तसाच, आणि त्यामागोमाग माणसाचा आवाज, तोंड दाबलेला, शब्द न होणारा. मी डोळा काढला नाही. अशा एक्स्पोजरमध्ये तो काढायचा नसतो. दुर्बिणीत बारीक लाल दिव्यानं उजळलेल्या दोन रेषांच्या फुलीवर एक तारा धरून ठेवायचा, जरा सरकला की हातातलं बटण दाबून परत फुलीवर आणायचा. तासभर हे नीट जमलं तर फिल्मवर तारे ठिपक्यांसारखे येतात, नाहीतर त्यांना शेपट्या फुटतात. तिसरा आवाज हाडाचा होता. तेव्हा मी मान वर केली.

मी कोल्हापुरात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. हिवाळ्यातल्या अमावास्यांना सामान मारुतीत घालून गावाकडच्या माळावर येते. गाव कागलच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. माळ वडिलांच्या वाटणीचा, कुसळांशिवाय काही न पिकणारा. २००६ सालची ती माघातली अमावास्या. चार हिवाळे मी मृग नक्षत्रातल्या बाणाच्या पूर्वेकडच्या ताऱ्याजवळचा तेजोमेघ धरायचा प्रयत्न करत होते. तो हायड्रोजनचा आहे, गडद तांबड्या रंगात उजळतो, आणि डोळ्याला अजिबात दिसत नाही. उत्तरेला पंचतारांकित एमआयडीसीचे दिवे आहेत. त्यांच्या पिवळट उजेडानं नुसती फिल्म दहा-बारा मिनिटांत करपते. कॅमेऱ्यावर गडद लाल फिल्टर लावला की तो पिवळा उजेड बाहेरच अडतो आणि हायड्रोजनचा तांबडा तेवढा आत येतो. मग तास देता येतो. त्याहून जास्त देऊन उपयोग नसतो, कारण फिल्म थकते. पहिल्या अर्ध्या तासात ती जेवढं घेते तेवढं दुसऱ्या अर्ध्या तासात घेत नाही. चाळीस मिनिटं करून पाहिली, नव्वद करून पाहिली, आणि साठवर आले.

तो तास शोधावा लागतो. चंद्र नको, मृग डोक्यावर हवं, आणि आसपास एकही बल्ब नको. त्या वर्षी आमच्या बाजूचं लोडशेडिंग संध्याकाळी सात ते नऊ होतं. पेपरात आलेलं वेळापत्रक मी कापून ठेवलं होतं. तेच वेळापत्रक आणखी कुणीतरी बघितलं होतं. मला जो अंधार हवा होता तोच त्यांनाही हवा होता.

माळाच्या पायथ्याला सामाईक विहीर आहे. तिच्यावर भावकीतल्या शिवशरणची मोटर बसवायची की नाही यावर माझ्या चुलतभावाशी, मृत्युंजयशी, त्याची कोर्टात केस होती, आणि नुकताच निकाल शिवशरणच्या बाजूनं लागला होता. लाइट नऊला येणार म्हणून तो रोज आधीच येऊन विहिरीच्या कडेला बसायचा. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

मी मान वर केली तेव्हा उजव्या डोळ्यापुढं दुर्बिणीतल्या फुलीचा लालसर डाग होता. डावा डोळा मात्र दिवस मावळल्यापासून अंधारात होता. विहिरीशेजारचा ऊस तुटून गेला होता आणि रानभर पाचट पसरलेलं होतं. वाळलेलं पाचट ताऱ्यांच्या उजेडातही फिकं दिसतं. त्या फिक्यावर तीन काळी माणसं उभी होती आणि एक पडलेलं होतं. उभ्या असलेल्यांची तोंडं फडक्यांनी बांधलेली. कुणी बोलत नव्हतं. दोघांच्या हातात पाइप होते आणि ते पायांवर मारत होते, घाई न करता, लाकूड फोडणारा माणूस बेताबेतानं मारतो तसे. एका पायाचं झाल्यावर त्यातला एकजण वळसा घालून दुसऱ्या पायाकडं गेला.

त्या चालण्यावरून मी त्याला ओळखलं. उजवा हात अंगाला धरून डावा तेवढा हलवत, पावलं बाहेरच्या बाजूला टाकत. तो नऊ-दहा महिन्यांचा असताना त्याची बोटं धरून मीच त्याला आमच्या अंगणात चालवलं होतं.

"कोण हाय रं तिथं?" मी ओरडले.

तिघंही वर बघत थबकले. मग पाइप टाकून पलीकडच्या उभ्या उसात शिरले. पानांचा सळसळाट लांब गेला.

मी उतरून गेले आणि पोतं काढलं. शिवशरणचे दात ओठात रुतले होते. उजव्या नडगीतून हाड बाहेर आलं होतं, डावा गुडघा भलत्याच दिशेला वळला होता. तो माझ्याकडं बघत होता पण ओळखत नव्हता. माझी हाक ऐकून त्याची बायको शिवलीला वस्तीवरून पळत आली. ती रडली नाही. "काय करू सांगा," एवढंच म्हणाली. उभ्या रानातले चार जाड ऊस मोडून मी पायांच्या दोन्ही अंगांना लावले, माझ्या ओढणीनं आणि तिच्या पदराच्या पट्ट्यांनी बांधले. तेवढ्यातही त्यानं मला लाथ मारायचा प्रयत्न केला, म्हणजे पाय अजून त्याचा होता. त्याच पोत्यावर घालून दोघींनी त्याला ओढत गाडीपर्यंत आणलं.

हायवेला लागल्यावर मागच्या सीटवरून शिवलीला म्हणाली, "अक्का, कोण व्हते? तुमी बघितलासा न्हवं?"

"आधी दवाखाना."

"म्हंजे बघितलासा."

कागल मागं पडलं. शिवशरण आता मोठमोठ्यानं ओरडत होता आणि ती त्याचं तोंड छातीशी धरून बसली होती.

पहाटे डॉक्टर बाहेर आले. जीव वाचेल, उजव्या पायाचं सांगता येत नाही, म्हणाले. शिवशरणला पोत्याच्या आतल्या अंधाराखेरीज काही दिसलं नव्हतं. शिवलीला आली तेव्हा रान रिकामं होतं. म्हणजे कुणी मारलं हे सांगू शकणारी मी एकटीच होते. आणि सांगायचं कुणाचं नाव, तर ज्या बाईनं माझी आई गेल्यावर मला वाढवलं, जिला मी चिगव्वा म्हणजे धाकटी आई म्हणते, त्या नीलम्माच्या मुलाचं, मृत्युंजयचं.

सकाळी मी सामान आणायला माळावर गेले. मृत्युंजय माझ्याआधी तिथं होता. बरोबर ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर चालवणारा हंबीरराव. तो दुर्बिणीच्या भिंगात तोंड घालून बघत होता.

"चा घेतलीस का न्हाय, अक्का?" मृत्युंजय म्हणाला. "चिगव्वा वाट बघायलीया. आली ती सरळ माळावर, घरला न्हाय. असं असतंय व्हय?"

"घरी आले असते तर जेवल्याशिवाय सोडलं नसतं तिनं."

"ते बी खरं." तो जवळ आला. त्याच्या मनगटावर ताजा ओरखडा होता, उसाच्या पानाचा. "ती फिल्म दे."

"कशाला?"

"कशाला म्हणं," हंबीरराव भिंगातून तोंड न काढता म्हणाला. "तासभर डबा उघडा ठिवून बसलासा आन् कशाला?"

मला कळलं. मार्गशीर्षात मृत्युंजयनंच बॅटरी वर आणून दिली होती, आणि डोळ्याला न दिसणारं यात कसं येतं, असं विचारलं होतं. वर्गात सांगते तसंच मी त्याला सांगितलं होतं. डोळा क्षणाक्षणाचा उजेड बघतो आणि सोडून देतो. फिल्म सोडत नाही, साठवत जाते. तासाभराच्या अंधारात जे असेल ते सगळं तिच्यात उतरतं. एकही शब्द तो विसरला नव्हता.

"कॅमेरा वर होता," मी म्हणाले. "आकाशाकडं. खालचं काही त्यात येणार नाही. शटर सकाळपर्यंत उघडंच राहिलं, त्यामुळं कालचं चित्र उन्हानं कधीच संपलं."

"मग लाल काच कशाला लावलीस? कारगिलला टीव्हीवर दावत नव्हते व्हय? अंधारात बघायचे कॅमेरे. त्यास्नी असलीच काच असती."

"लाल काच कमी दाखवते, मृत्युंजय. जास्त नाही."

"कमी दिसायला कुणी पैशे घालतंय?" हंबीरराव म्हणाला. त्याला ते खरंच पटत नव्हतं. "आन् वर काय हाय ओ ताई बघायला? तासभर?"

उत्तराची वाट न बघता त्यानं स्टँडला लाथ घातली. दुर्बीण तोंडावर पडली. तोल सांभाळायला लावलेला लोखंडी दांडा त्यानं उपसला आणि त्यानंच नळीवर घाव घालायला सुरुवात केली. भिंग पहिल्या घावाला फुटलं नाही, चौथ्याला फुटलं. मी तेवढ्या वेळात कॅमेरा काढून पोटाशी धरला. त्या रोलवर कालचं चित्र गेलं असलं तरी मार्गशीर्षातलं आणि पौषातलं होतं.

"अक्का, दे."

"नाही."

मृत्युंजयनं माझं मनगट धरून पिरगाळलं. मी खाली बसले, पण कॅमेरा सोडला नाही. मग हंबीररावानं माझा डावा हात जमिनीवर दाबला आणि बोटांवर टाच ठेवून सगळा भार दिला. आवाज मी ओळखला. काल ऐकला होता, हा फक्त लहान होता. कॅमेरा सुटला.

मृत्युंजयनं मागचं झाकण उघडलं आणि फिल्म हातभर बाहेर ओढली. उन्हाकडं धरून तिच्यात तोंडं शोधू लागला. फिल्म सगळीकडं सारखीच राखाडी होती.

"यात तर कायच न्हाय."

"धुतल्याशिवाय दिसत नाही. आणि आता धुऊनही दिसणार नाही. तू उन्हात धरलीस."

ते ऐकून त्याचा चेहरा सैल पडला. लहानपणी परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन यायचा तेव्हा असाच दिसायचा. त्यानं फिल्मची गुंडाळी करून तिला काडी लावली. ती वास सोडत वितळली.

"झालं," तो म्हणाला. "मिटलं."

"त्यात तू नव्हतासच," मी म्हणाले. "खाली बघत होते ती मी."

त्यानं माझ्या तोंडात मारली. उघड्या हातानं, पण पूर्ण ताकदीनं. कानात शिट्टी वाजत राहिली. त्यातून हंबीररावाचं हसणं ऐकू आलं. "आमावस्या, लाइट न्हाय, आन् ह्यास्नी दिसतंय. जावा की, सांगा जावा फौजदाराला. घुबड हाय म्हणा मी."

चिगव्वानं माझा हात बघितला आणि कुणी मोडला हे विचारलं नाही. चूलखोलीत पाटावर बसवलं, हळद आणि चुना खलून गरम केला, बोटांना लेप लावला, जुन्या लुगड्याची चिंधी फाडली. तिचे हात फार हलके आहेत. मला ताप यायचा तेव्हा रात्रभर कपाळावर असायचे.

"दुखतंय, यव्वा?"

"हो."

"दुखू दे. दुखलं म्हंजे हाड जित्तं हाय." तिनं एक बोट दुसऱ्याशी बांधलं. "त्यो वंगाळ न्हाय गं. त्या हंबीररावाच्या नादानं ग्येला. कोर्टाचा निकाल लागल्यापास्नं जेवलेला न्हाय त्यो धड. बापाच्या हिरीवर दुसऱ्यानं मोटर बशिवली म्हंजे काय गं? गावात तोंड दावाय न्हाय राह्यलं."

"चिगव्वा, त्यानं पोतं घालून मारलं."

"जीव ग्येला न्हाय न्हवं शिवशरणचा?"

"पाय जाईल."

"पायच न्हवं."

बोलून गेली आणि तिचे हात थांबले.

"शिवलीला लहान हाय," मग ती हळू म्हणाली. "म्हाईत हाय मला. पर मी काय करू? मला दोनच पोरं. तू आन् त्यो. फिल्म जळाली. आता तू गप बसलीस तर कुणाला काय कळायचं न्हाय. सांगितलीस तर मला यक पोर ऱ्हायतंय. न्हाय, ते बी न्हाय ऱ्हायत. तुला या उंबऱ्यात घ्यायचं न्हाय मग मी."

"मला माहीत आहे."

"मग?"

तिनं गाठ मारली. नेहमीपेक्षा घट्ट, पण नीट मारली.

दुपारी शिवलीलाचा निरोप आला. उजवा पाय गुडघ्याखाली काढला. मी चौकीवर गेले.

फौजदार गणपतराव निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. माझी बोटं बघितली, सुजलेला गाल बघितला, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. मी मृत्युंजय आणि हंबीरराव अशी दोन नावं दिली; तिसरा कोण ते मला ओळखता आलं नव्हतं.

"मॅडम, तुमी खोटं बोलताय असं मी म्हणत न्हाय. पर माझ्या जागी बसून बघा. आमावस्या. लाइट न्हाय. तोंडाला फडकी. एवढ्या लांबनं. तुमी म्हणणार, चालण्यावरनं वळिखलं. वकील उभ्या उभ्या सोलंल मला. आन् त्यात घरचीच भांडणं. उद्या तुमच्या काकू रडत आल्या की तुमी म्हणणार, चुकलं साहेब, अंधार व्हता."

"अंधारात दिसतं, साहेब. डोळ्याला वेळ दिला तर."

"मांजराला दिसतंय."

"तुम्हालाही दिसेल. उद्या संध्याकाळी लोडशेडिंगमध्ये माझ्याबरोबर माळावर बसा. चंद्राची कोर अंधार पडता पडताच मावळेल. खालून माणसं चालवा, तोंडं बांधून. मी ओळखते. नाही ओळखलं तर काहीच लिहू नका."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हवालदाराला म्हणाले, "गावातली पाच-सहा माणसं सांगून ठिव. त्या दोघांना बी. येत न्हाईत म्हणाले तर ते बी कळंल."

ते दोघं आले. सगळं गावच आलं. मृत्युंजय पुढं होता, मिशीतल्या मिशीत हसत. "चला, अक्काचं शास्त्र बघू," म्हणाला, आणि लोक हसले. मी माळ चढत असताना मागून दगड आला आणि खांद्यावर बसला. दुसरा पायाशी पडला. "भावाला जेलात घालाय निघाली बघा शाळा शिकून," एक बाई म्हणाली. "नीलम्माच्या दुधात इख कालवलंस गं." हवालदारानं काठी आपटली तेव्हा लोक विहिरीपलीकडच्या बांधावर सरकले.

सात वाजता लाइट गेली. पश्चिमेचा उजेड सरेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी सांगितलं, अर्धा तास काहीही पेटवायचं नाही, कुणीही. कुणी बॅटरी मारायची नाही. गणपतराव माझ्याशेजारी दगडावर बसले. थोड्या वेळानं हवालदारानं विडीसाठी काडी ओढली.

"साहेब, आता पुन्हा पहिल्यापासून."

"एका काडीपायी?"

"हो. पुन्हा अर्धा तास."

"शिंच्या," गणपतराव हवालदाराला म्हणाले, "गिळ ती विडी."

पुन्हा थांबलो. खाली लोकांची कुजबुज होती, कुणीतरी शिवी देत होतं. गणपतराव पहिल्यांदा कंटाळले, मग डास मारू लागले, मग गप्प झाले. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज वेगळाच आला.

"आयला. पाचट दिसायलंय की. हिरीचा कठडा बी."

"थेट रोखून बघू नका. जरा बाजूला बघा, मग कडेनं जास्त दिसतं."

ते बाजूला बघू लागले. "दिसतंय," ते म्हणाले, आणि एवढंच पुन्हा म्हणाले.

त्यांनी शिट्टी वाजवली. खालून एकेक माणूस उसातून निघून पाचटावरून विहिरीपर्यंत चालत जाऊ लागला आणि कठड्याला वळसा घालून परत फिरू लागला. पहिला गावचा कोतवाल होता, सांगितला. दुसऱ्याचा डावा खांदा ट्रॅक्टरचं स्टिअरिंग ओढून ओढून उतरलेला. "हंबीरराव. परवा पहिला पाइप याच्या हातात होता." गणपतरावांनी श्वास सोडला. त्यांनाही खांदा दिसला होता. तिसरा त्यांचाच हवालदार, त्यांनी गुपचूप खाली पाठवलेला. तोही मी सांगितला.

चौथा कमरेत वाकून, एक पाय ओढत आला. असा लंगडा माणूस आमच्या गावात नाही.

"ह्यो कोण?" गणपतरावांनी विचारलं.

"थांबा."

एक पाय ओढत माणूस सरळ चालू शकतो. ध्यान ठेवलं तर बराच वेळ चालू शकतो. पण विहिरीच्या कठड्याशी जमीन उतरती आहे, आणि अंधारात तिथं पाय जपून टाकावा लागतो. तिथं तो आपल्या चालण्याचं विसरला. कंबर सरळ झाली, उजवा हात अंगाला लागला, डावा तेवढा हलला, पावलं बाहेर वळली. वळसा संपेपर्यंत फार थोडा वेळ लागला असेल. मला वाटलं आपण न बोलता हा वेळ जाऊ देऊ शकतो. कुणाला कळणार नाही.

"मृत्युंजय," मी म्हणाले. मोठ्यानं नाही. गणपतरावांना सांगायला म्हटलं होतं.

पण रान शांत होतं.

"काय गं, अक्का?" खालून आवाज आला.

जन्मभर माझ्या हाकेला तो जसा ओ द्यायचा तसाच. बांधावरची सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली. आपण काय बोललो हे त्यालाही त्याच वेळी कळलं असावं. तो पाचट तुडवत माळ चढू लागला, लंगडत नाही, सरळ. मला तो स्वच्छ दिसत होता. त्याच्या हातात कठड्याचा दगड होता. मी मागं सरकले नाही, आणि दगड माझ्या जबड्यावर बसला. तोंडात दाताचे तुकडे आले.

"वळिखलीस?" तो ओरडत होता. "वळिखलीस न्हवं? घे आता."

हवालदारानं त्याला मागून धरलं आणि खाली लोटलं. तो घसरत पाचटावर गेला. मग हवालदार आणि आणखी एक शिपाई त्याच्यावर तुटून पडले. काठ्या पायांवर पडत होत्या. बांधावरून कुणी पुढं आलं नाही. आधी त्याच्यासाठी माझ्यावर दगड टाकणारेही नाही. तोच आवाज, तेच रान. फिक्यावर काळी माणसं उभी होती आणि एक पडलेलं होतं. या वेळी मारणाऱ्यांची तोंडं बांधलेली नव्हती एवढंच.

"पुरे," मी म्हणाले. तोंडातून नीट शब्द येत नव्हता. "साहेब, पुरे करा. पाय मोडतील त्याचे."

"मोडू दे की," गणपतराव म्हणाले.

"नाही."

मी खाली उतरले आणि मृत्युंजय आणि काठी यांच्यामध्ये उभी राहिले. एक काठी माझ्या पाठीवर बसली, मग थांबल्या. मृत्युंजय पालथा पडून धापा टाकत होता. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि थुंकला. थुंकी माझ्यापर्यंत पोचली नाही.

जबाब जीपमध्ये घेतला, बॅटरीच्या उजेडात. हंबीरराव मागं बेड्या घालून बसला होता आणि अजून म्हणत होता, "एका हाकेवरनं धरताय व्हय माणसाला?" जबडा सुजल्यामुळं मला प्रत्येक शब्द दोनदा सांगावा लागत होता. गणपतराव हळूहळू लिहीत होते. लाल काच म्हणजे काय, तेही त्यांनी विचारून लिहून घेतलं. जागा, वेळ, अंतर, उजेड नव्हता तरी कसं दिसलं, सगळं.

"आरोपी क्रमांक एकशी नातं?"

"भाऊ."

त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्यापुढं सही करायला धरला. बॅटरीच्या उजेडात मी वाचलं. "चुलतभाऊ" असं लिहिलं होतं.

"चुलत खोडा."

"मॅडम, कायद्यानं चुलतच."

"खोडा," मी म्हणाले. "मी सांगितलं तसं लिहा."

त्यांनी चुलत खोडलं. खाडाखोड केली की तिच्या शेजारीही सही लागते. ती मी केली, मग खाली केली.